बुजवलेलं तळघर कसं ओळखायचं?

अमळनेरला बोरीकाठच्या एका जुन्या वाड्यात आता दुकान चालतं. मधल्या खोलीची फरशी नेमकी एका चौकोनातच खचलेली दिसली. खाली तळघर असणार!

फरशी ठोकून बघा. पोकळी असेल तर आवाज घुमतो. भराव घट्ट बसला असेल तर काहीच कळत नाही. मग भिंतीच्या बुडाशी बुजवलेला झरोका, कमानीचा माथा, अर्धवट संपलेली पायरी शोधायची.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ती भरावात असली की फरशी वरखाली होतेच.

भराव सरसकट उपसू नका, भिंतींना त्याचाच आधार असू शकतो. तळघर किंवा धान्याचं पेव उघडलं तरी लगेच उतरू नका. कोंडलेल्या हवेत प्राणवायू कमी असतो, जीव जाऊ शकतो.

तुमच्या वाड्यात असं काही आहे का? शंका असतील तर जरूर विचारा.