चार अंशांची पाचर

सकाळी ८.१०
शटर अर्धं वर गेलं नाही तोच जिप्सी दारात. मालक गुरांचे डॉक्टर, गगनबावड्याकडच्या वाड्यावस्त्यांवर फिरणारे. "मिस्त्री, टायर तीनदा बॅलन्स केले, अलाइनमेंट केलं. पंचावन्नला थरथर सुरू होते, सत्तरला दात वाजतात बघा."
दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात जास्त कमानीचे पाटे आणि लांब शॅकल घालून गाडी उचलून घेतली होती. टायरही मोठे, २३५/७५ आर १५. त्याआधी थरथर नव्हती. निम्मं निदान इथंच झालं. मग टायरवाल्याकडे तीन खेपा कशाला, हे विचारायचा मोह आवरला.

८.४०
शिरोलीच्या बाजूला हायवेवर. डॉक्टर शेजारी, हाताखालचं पोरगं मागं. साठला स्टिअरिंग शांत, पण सीट आणि फरशी गुणगुणत होती. त्याच वेगात चौथ्यातून तिसऱ्यात घेतली. इंजिनाचे फेरे वाढले, थरथर तेवढीच. म्हणजे इंजिन सुटलं.
आता टायर. ह्या टायरचा एक फेरा २.३ मीटरचा. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सव्वासात फेरे घेतं. टायरचा दोष असला तर धक्का तेवढ्याच वेळा येतो, तो मांडीला कळतो. प्रोपेलर शाफ्ट मात्र चाकाच्या जवळजवळ चौपट फिरतो, सेकंदाला २८-२९ फेरे. त्याच्या टोकांच्या सांध्याचा, म्हणजे क्रॉसचा, कोन बिघडला तर एका फेऱ्यात दोन धक्के. म्हणजे सेकंदाला ५५-६०. ते मोजता येत नाहीत, नुसते कमरेत शिरतात.

९.३०
मागचा शाफ्ट खोलून काढला. पुढचे हब लॉक केले, फोर-हायमध्ये टाकून गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालवली. साठ, पासष्ट. गुळगुळीत. डॉक्टर हसले, मी नाही. रोग कुठं आहे एवढंच कळलं होतं.
काढलेला शाफ्ट टेबलावर. दोन्ही क्रॉस मोकळे, खडखड नाही. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत, म्हणजे जोडताना स्प्लाइनचा दात चुकलेला नाही. ठोकर लागल्याची खूण नाही. शाफ्ट परत चढवला.

१०.१५
गाडी खड्ड्यावर. चाकं जमिनीवरच हवीत. जॅकवर उचलून मोजलं तर पाटे लोंबतात आणि सगळे आकडे खोटे येतात. चुंबकाचा अँगल मीटर लावला. ट्रान्सफर केसचा फ्लँज मागं २ अंश उतरता. शाफ्ट १३ अंश. मागच्या ॲक्सलच्या पिनियनचं नाक ७ अंश वर. म्हणजे वरच्या क्रॉसवर ११ अंश आणि खालच्यावर ६.
पुस्तकात ह्याला हूक जॉइंट म्हणतात, आमच्याकडे क्रॉस. कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो, दोनदा मागं रेंगाळतो. अकरा अंशांवर हा चढउतार दोन्हीकडे जवळजवळ दोन टक्के. वरच्यानं घातलेली खोट खालच्यानं भरून काढायची, म्हणून शाफ्टला दोन क्रॉस. पण भरपाई पुरी होते ती दोन्ही कोन सारखे असले तरच. इथं ११ चा वर्ग १२१, ६ चा ३६. वजाबाकी ८५, वर्गमूळ सव्वानऊ. सव्वानऊ अंशांवर एकटाच क्रॉस फिरावा तशी ही गाडी चालत होती. हे वर्गमूळ तीनच्या आत ठेवावं, असा आमचा दंडक.
नाक वर का गेलं? मागच्या पाट्याचा शॅकल मागच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाट्याचं ते टोक खाली जातं, ॲक्सलचं हाउसिंग फिरतं आणि पिनियन आभाळाकडे बघायला लागतं.
पोरगं म्हणालं, "मामा, ट्रान्सफर केसच खाली घेऊया की." इतर जीपांवर घेतात, खरं आहे. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी असते, मधे एक आखूड शाफ्ट. केस खाली घेतली की त्या विताएवढ्या शाफ्टवर कोन पडतो. एक रोग काढून दुसरा घालायचा.

१२.१५
निकाल सांगितला: लांब शॅकल काढा, मूळचे घाला. डॉक्टरांचा चेहरा पडला. उंचीतलं थोडं जाणार ना! मी म्हटलं, "तशीच ठेवली तर महिन्याला क्रॉस बदलायला या. शिवाय आरटीओनं गाडीतल्या फेरफारासाठी ५२ वं कलम काढलं, तर तुमच्या म्हशी साक्षीला यायच्या नाहीत." तयार झाले.
मूळचे शॅकल घालून पुन्हा मोजलं: शाफ्ट १२, नाक ५. कोन १० आणि ७. बराच फरक, पण पुरेसा नाही.

१.००
डबा. मधे एका बोलेरोचं ऑइल.

२.००
उद्यमनगरात लेथवाल्या काकांकडे. पोलादाच्या दोन पाचरी, ४ अंशांच्या. १२० मिलिमीटर लांबीत साडेआठ मिलिमीटर चढ. बारीक टोक ४ मिलिमीटर, जाड साडेबारा. काकांनी शेपरवर तासल्या. ॲल्युमिनियमच्या तयार मिळतात, मी घालत नाही, दाबाखाली तडकतात. सेंटर बोल्टचं डोकंही उंच करून घेतलं, नाहीतर पाचरीवर चढून ते हाउसिंगच्या भोकात बसत नाही.

४.००
जिप्सीत पाटा हाउसिंगच्या खाली, म्हणून पाचरीची जाड बाजू मागं. पोरानं पहिली उलटी ठेवली. पाटा वर असणाऱ्या गाडीत ती बरोबर ठरली असती, म्हणून ओरडलो नाही. यू-बोल्ट नवे, ताणलेले जुने परत घालणं म्हणजे कंजुसी. शॅकलचे बोल्ट गाडी जमिनीवर आल्यावरच आवळले, नाहीतर रबराचे बुश पिळलेलेच राहतात.
शेवटचं मोजमाप: वर १०, खाली ११. हा एक अंश मुद्दाम ठेवला. ॲक्सिलरेटर दाबला की पाटा पिळतो, नाक अंशभर वर येतं आणि मग दोन्हीकडे दहा.

५.४०
पुन्हा हायवे. पन्नास, साठ, सत्तर. डॉक्टर बोलायचे थांबले आणि डॅशबोर्डवर हात ठेवून बसले. ऐंशीला बारीक गुणगुण उरली आहे. दहा अंश हेही थोडे नाहीत. ती मी लपवली नाही, बिलावरही लिहिली.

७.१५
काढलेले लांब शॅकल डॉक्टरांनी पिशवीत घालून मागितले. दिले, माल त्यांचा. "परत बसवू नका," एवढं म्हटलं. आणि ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट आवळायला या, फुकट आवळून देतो.