काट्यावरचा आकडा पावतीवर कसा येतो?



गिरणाकाठचा ऊस देवळा तालुक्यातून कोणत्याही कारखान्यावर जावो, गाडी काट्यावर चढली की आपल्या मनात एकच प्रश्न असतो : वजन बरोबर धरले ना? वर्षभराच्या मेहनतीचे मोल तिथे मिनिटभरात ठरते. म्हणून आकडा काट्यावरून पावतीवर येतो कसा, हे आपण सर्वांनी समजून घेतले पाहिजे.

काट्याच्या तक्त्याखाली पोलादी लोडसेल असतात. भाराने ते अगदी किंचित दबतात, त्यामुळे त्यांतील विजेचा संकेत बदलतो. खोलीतला इंडिकेटर त्या संकेताचे किलो करून लाल आकड्यांत दाखवतो. हाच आकडा एका तारेने संगणकाकडे जातो. या जोडणीला सिरीयल पोर्ट म्हणतात. एकामागून एक बैलगाड्या पुलावरून जाव्यात, तसे आकड्याचे तुकडे ओळीने जातात. आर.एस. २३२ ही जुनी पद्धत १९६० सालापासूनची आहे. तिला मुळात तीनच तारा पुरतात : पाठवण्याची, घेण्याची आणि सामाईक.

दोन्ही बाजूंचा वेग मात्र एकच ठेवावा लागतो. इंडिकेटर ९६०० ने बोलला आणि संगणक २४०० ने ऐकू लागला, तर पडद्यावर नुसता कचरा येतो. ही तार साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची. अंतर जास्त असेल तर आर.एस. ४८५ जोडणी घेतात, ती १२०० मीटरपर्यंत चालते. मोटारीच्या केबलला चिकटून तार नेली तर आकड्यात गडबड होऊ शकते.

आता मुद्द्याची गोष्ट. वजनकाट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी होऊन त्याला सील लागते. पण पुढे संगणकात आकडा तारेने आला की कुणी हाताने टाकला, हे त्या सीलवरून कळत नाही. म्हणून आपण एवढे करावे :

१. गाडी पूर्ण थांबून आकडा स्थिर झाल्यावरच वजन घेऊ द्यावे.

२. इंडिकेटरवरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा तिथेच ताडून पाहावा. भरलेल्या गाडीचा आणि रिकाम्या गाडीचा, दोन्ही.

३. तार बिघडून आकडा हाताने घातला असेल, तर पावतीवर तशी नोंद मागून घ्यावी.

४. वजाबाकी स्वतः करावी. भरलेली गाडी २२,४८० किलो, रिकामी ७,२६० किलो, तर ऊस १५,२२० किलो.

२०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफ.आर.पी. क्विंटलला ३५५ रुपये ठरली. या दराने दोनशे किलोची चूक म्हणजे एका खेपेमागे ७१० रुपये. दहा खेपांचे काय होतात, ते सांगायला नकोच!

काट्यावर विचारणे म्हणजे भांडण नव्हे, तो सभासदाचा हक्क आहे. चोख काट्याला तपासणीचे भय नसते. तेव्हा पावती घडी घालून खिशात टाकण्याआधी ती वाचा, आणि शेजारच्या गाडीवाल्यालाही वाचायला लावा.