साधन कोणाच्या हातून घ्यावे?

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात अपंग माणसाच्या घरी गेल्यास एक दृश्य पुष्कळदा दिसते. पडवीच्या कोपऱ्यात चाकाची खुर्ची उभी असते, तिच्यावर गोधड्यांची चवड किंवा धान्याचे पोते ठेवलेले असते, आणि ज्याच्यासाठी ती खुर्ची आली तो गृहस्थ बाजूला जमिनीवरून हातांच्या आधाराने सरकत असतो. खुर्ची फुकट मिळालेली असते. वाटपाच्या समारंभाचे छायाचित्रही घरात कोठेतरी जपून ठेवलेले असते. मग खुर्ची वापरात का नाही, असे विचारले तर घरची मंडळी थोडी संकोचतात. बैठक फार रुंद आहे, बसले की अंग एका बाजूला कलते. उंबरठा ओलांडता येत नाही. आणि पावसाळ्यात काळ्या मातीत तिची पुढची लहान चाके अशी रुततात की ओढणाऱ्याचाच दम निघतो. खुर्ची मोडकी होती असे कोणी म्हणत नाही. ती देताना त्या माणसाचे माप कोणी घेतले नव्हते आणि त्याचे घर कसे आहे हे कोणी विचारले नव्हते, एवढेच.

अपंगांच्या साधनांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतांशी साधनांच्या संख्येची आणि अनुदानाच्या रकमेची असते. ती अनावश्यक आहे असे नव्हे. कानपूरला कृत्रिम अवयव निर्मितीचे सरकारी महामंडळ १९७२ मध्ये स्थापन झाले. साधने विकत घेण्यासाठी व बसवून देण्यासाठी मदत करणारी केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय अपंग वर्षातच, सुरू झाली. महाराष्ट्रात २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही निर्माण झाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. पैसा, योजना, कायदा यांची अशी वाढ होत असताना एक साधा प्रश्न मात्र मागेच राहिला. साधन कोणते द्यावे हे ठरवणारा, त्याचे माप घेणारा आणि ते वापरावयास शिकवणारा माणूस कोण, आणि तो त्या कामासाठी शिकलेला आहे की नाही, हे कोणी पाहावयाचे?

या बाबतीत पहिला गोंधळ प्रमाणपत्रापासूनच होतो. जिल्हा रुग्णालयातून चाळीस टक्के, साठ टक्के असे प्रमाणपत्र मिळाले की आता पुढचे सारे ठरले, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः ती टक्केवारी शासनाच्या सोयीसाठी असते. कोणाला सवलत द्यावयाची आणि कोणाला नाही, हे तिच्यावरून ठरते. सत्तर टक्के बहिरेपण असलेल्या दोन मुलांना दोन निरनिराळी यंत्रे लागू शकतात, आणि एकाच टक्केवारीच्या दोन पायांना एकच कॅलिपर चालत नाही. प्रमाणपत्र देणारे डॉक्टर अस्थिरोगाचे किंवा कान-नाक-घशाचे जाणकार असतात. साधनाची निवड हा पुढचा आणि वेगळ्या शिक्षणाचा भाग आहे.

हे वेगळे शिक्षण काय असते, ते चाकाच्या खुर्चीवरून चांगले कळते, कारण खुर्ची ही सर्वांना सर्वांत सोपी वस्तू वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये साधनांची टंचाई असलेल्या देशांसाठी खुर्चीविषयीची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. नाव नोंदविण्यापासून सुरुवात होते. मग तपासणी, निवड, पैशाची सोय व मागणी, खुर्चीची जुळणी, ती अंगाला बसवणे, वापराचे शिक्षण, आणि शेवटी देखभाल व दुरुस्ती. आपल्या शिबिरांत यांपैकी बहुधा पहिली पायरी आणि समारंभ एवढेच उरतात. बैठकीची रुंदी बसणाऱ्याच्या कमरेएवढीच असावी लागते. बैठकीची खोली गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून तीन ते सहा सेंटिमीटर आखूड ठेवावी लागते. नाहीतर कड तेथे घासते आणि माणूस पुढे घसरून कण्याला बाक येतो. ज्याच्या मणक्याला इजा होऊन कमरेखालची संवेदना गेली आहे, त्याच्या बाबतीत तर ही जीवनमरणाची गोष्ट ठरते. निरोगी माणूस एका जागी बसून अवघडला की नकळत कूस बदलतो. याला अवघडल्याची जाणीवच होत नाही. योग्य उशी नसेल आणि ठरावीक वेळाने हातांवर शरीर उचलून घेण्याची सवय कोणी लावली नसेल, तर बैठकीच्या हाडांपाशी दाबाने जखम होते, ती खोल जाते आणि तीत जंतुसंसर्ग होऊन माणूस दगावूही शकतो. फुकट मिळालेली खुर्ची अशा रीतीने घातक ठरू शकते, हे तिला हार घालणाऱ्यांच्या स्वप्नातही नसते.

श्रवणयंत्राची कथा याहून निराळी, कारण तेथे फसवणुकीला वाव अधिक. आजोबांना ऐकू येत नाही म्हणून घरातला कर्ता मुलगा त्यांना एस.टी.ने सोलापूरला नेतो, बाजारात ‘मोफत तपासणी’ची पाटी दिसते, दहा मिनिटांत तपासणी होते आणि यंत्र हाती पडते. जो तपासतो तोच विकतो, आणि विकल्यावाचून त्याचे भागत नाही, ही गोष्ट त्या घाईत कोणाच्या ध्यानात येत नाही. श्रवणशक्तीची रीतसर चाचणी बाहेरचा आवाज येणार नाही अशा खोलीत, निरनिराळ्या पट्टीचे स्वर ऐकवून, प्रत्येक कानाची स्वतंत्र करावयाची असते. त्याही आधी कान वाहतो आहे काय हे पाहावे लागते. वाहत्या कानात साचा बसवला तर दुखणे वाढते, आणि कित्येकांचा दोष औषधाने वा शस्त्रक्रियेने कमी होण्यासारखा असतो. यंत्राचा आवाज गरजेहून मोठा ठेवला तर उरलेली श्रवणशक्तीही खालावते. साचा कानात नीट बसला नाही तर यंत्र शिटी वाजवते आणि आजोबा ते खिशात घालून ठेवतात. लहान मुलाचा कान वाढत असतो, म्हणून त्याचा साचा पुनःपुन्हा करावा लागतो. शिवाय यंत्र बसवले म्हणजे मूल बोलू लागेल असे नव्हे, त्यापुढे वाचोपचाराची काही वर्षे असतात. हे सारे जो आधी सांगत नाही त्याच्याकडून यंत्र घेऊ नये, हा व्यवहार शहाण्या माणसाला कळतो. पण खेड्यातून आलेल्या माणसाला ते सांगणार कोण?

कायद्याने सांगण्याची सोय केली आहे, पण ती फारशी कोणाला ठाऊक नाही. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. वाचा व श्रवणतज्ज्ञ, श्रवणयंत्र व कानाच्या साच्याचे तंत्रज्ञ, पुनर्वसन अभियंते, विशेष शिक्षक अशा व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही या परिषदेने ठेवावयाची आहे; कृत्रिम अवयव व कॅलिपर करणारे आणि अंधांना काठी घेऊन हिंडण्याफिरण्याचे शिक्षण देणारे तज्ज्ञही तिच्याच कक्षेत येतात. त्या वहीत नाव नसताना हा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. (एक हजार रुपये ही रक्कम आजच्या एका बऱ्या यंत्राच्या किमतीपुढे किती हास्यास्पद आहे, ते वेगळे सांगावयास नको.) भौतिकोपचार व व्यवसायोपचार करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा २००२ चा स्वतंत्र परिषद कायदा आहे. तेव्हा ‘आपला नोंदणी क्रमांक काय?’ हा प्रश्न कोणाही नागरिकाने विचारावा आणि त्यात समोरच्याचा अपमान होतो असे मानू नये. वकिलाची सनद आपण गृहीत धरतो, औषधाच्या दुकानात परवाना भिंतीवर लावलेला असतो. श्रवणयंत्र विकणाऱ्याच्या मागच्या भिंतीकडे मात्र कोणी पाहत नाही.

अमेरिकेत सहाय्यक तंत्रज्ञान या विषयाचीच वेगळी परीक्षा आहे. रेस्ना नावाची व्यावसायिक संस्था ती घेते. शिक्षणाबरोबर प्रत्यक्ष अपंगांसमवेत केलेल्या कामाचा अनुभव असल्याशिवाय तिला बसता येत नाही, आणि गुंतागुंतीच्या खुर्च्यांचा खर्च तेथील वृद्धांच्या सरकारी विमा योजनेने द्यावयाचा असेल तर पुरवठादाराकडे असा परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस असावा लागतो. आपल्या १९९२ च्या कायद्याच्या व्याख्येत या नावाचा वर्ग नाही; काम निरनिराळ्या व्यावसायिकांत वाटले गेले आहे. त्यामुळे सेरेब्रल पाल्सीच्या एखाद्या मुलाला बसण्याची खुर्चीही हवी, पायाला कॅलिपरही हवे आणि बोलता येत नाही म्हणून चित्रांचा फलकही हवा असेल, तर त्याच्या आईने तीन दारे हिंडावयाची आणि तिघांचे म्हणणे स्वतःच जुळवून घ्यावयाचे, अशी स्थिती होते.

परंतु पदवी आणि नोंदणी म्हणजेच पात्रता, असा निष्कर्ष येथे काढला तर तो उतावळेपणाचा होईल. ज्या भारतीय साधनाचे नाव जगभर झाले त्या जयपूर फूटचा इतिहासच त्याच्या आड येतो. १९६८ च्या सुमारास जयपूरला तो पाय तयार झाला, त्यामागे डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद होते, तसेच रामचंद्र शर्मा हे फारसे शालेय शिक्षण न झालेले कारागीरही होते. विलायती पाय बुटात घालावयाचा, खुर्चीवर बसणाऱ्याचा. भारतीय शेतकऱ्याला अनवाणी चिखलात चालावे लागते, उकिडवे बसावे लागते, मांडी घालावी लागते, हे त्या दोघांनी माणसे पाहून ओळखले आणि रबराचा पाय त्याप्रमाणे घडवला. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अमेरिकेतील राल्फ हॉचकिस यांचेही असेच. ते स्वतः चाकाच्या खुर्चीवरचे अभियंते. १९८० पासून निकाराग्वात जाऊन तेथील अपंगांबरोबर त्यांनी खडबडीत रस्त्यावर चालणारी, गावच्या कारखान्यात दुरुस्त होणारी खुर्ची विकसित केली. आणि महाराष्ट्रातील वाचकाला तर नसीमा हुरजूक यांचे नाव नव्याने सांगण्याची गरज नाही. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखाली लुळेपण आलेली ही बाई सरकारी कचेरीत नोकरी करीत राहिली आणि १९८४ मध्ये तिने कोल्हापूरला ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मचरित्र ज्यांनी वाचले आहे, त्यांना खुर्चीवर जगण्याचे ज्ञान कोठून येते याची कल्पना असेल.

तेव्हा तज्ज्ञ निवडताना नोंदणी क्रमांकानंतर त्याचे वागणे पाहावे. तो माप घेण्यापूर्वी काय विचारतो? घराला पायरी किती, शौचास कोठे जावे लागते, शेतात काम आहे की दुकानात बसावयाचे आहे, रस्ता डांबरी की पाणंद, हे प्रश्न न विचारता जो थेट वस्तूची किंमत सांगतो, त्याची पदवी कितीही मोठी असो, तो विक्रेता समजावा. तो एकाहून अधिक प्रकार दाखवतो काय, साधन काही वेळ वापरून पाहू देतो काय, आणि सहा महिन्यांनी पट्टा तुटला तर कोणाकडे जावयाचे हे सांगतो काय, याची उत्तरे तेथेच मिळतात. बोलताना तो अपंग व्यक्तीशी बोलतो की तिच्या भावाशीच बोलतो, हेही पाहावे. या एका खुणेवरून फारच थोड्या वेळा चूक होते.

धाराशिव जिल्ह्याची अडचण अशी की निवडीला मुळात वावच थोडा. २०१८ मध्ये केंद्राने ज्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तीत महाराष्ट्रातील नंदुरबार, वाशिम, गडचिरोली यांच्याबरोबर हाही जिल्हा आहे. परंड्याचा माणूस बार्शी गाठतो, कळंबचा लातूर. उमरग्याहून सोलापूर सुमारे १०० किलोमीटर पडते. कृत्रिम अवयवांचे लष्करी केंद्र १९४४ पासून पुण्यास आहे, भौतिक पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून मुंबईत हाजी अलीला, आणि श्रवणदोषांची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वांद्र्याला. कुबडीच्या रबरासाठी कोणी मुंबईला जात नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे झालेल्या भूकंपाने याच जिल्ह्याच्या उमरगा-लोहारा भागात हजारो माणसांचे हातपाय मोडले, कित्येकांच्या कण्याला इजा झाली. त्या वेळी देशापरदेशांतून मदतीचा ओघ लागला, नवी गावे वसली, सास्तूरला ‘स्पर्श’ हे ग्रामीण रुग्णालयही उभे राहिले. तो तरुण जखमी आज पन्नाशी-साठीत आहे, आणि त्याला एकदा मिळालेले साधन आयुष्यभर पुरणारे नव्हते.

शाळेतील मुलांच्या बाबतीत शिक्षकाला येथे पुष्कळ करता येण्यासारखे आहे. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षक हा बहुतेक खेड्यांना सर्वांत जवळ असणारा प्रशिक्षित माणूस. मोजमाप शिबिरात मुलाला नेताना वर्गशिक्षकाने त्याच्या हाती एक कागद द्यावा: हा वर्गात कोठे बसतो, फळा दिसतो का, शाळेचा रस्ता कसा आहे, जुने साधन का टाकले. तपासणाऱ्याला त्या पाच मिनिटांत दुसरे काहीही इतके उपयोगी पडणार नाही. ‘एडिप’ योजनेत एकदा साधन घेतल्यावर त्याच कारणासाठी तीन वर्षे पुन्हा मिळत नाही, मात्र बारा वर्षांखालील मुलांना ही मुदत एकच वर्षाची आहे. हे पालकांना माहीत नसते आणि आठ वर्षांच्या मुलाचे कॅलिपर अकराव्या वर्षीही त्याच्या पायात रुतत राहते. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची असते. ती रक्कम दरवर्षी वस्तुवाटपातच संपवण्याऐवजी तिच्यातून तालुक्याच्या ठिकाणी महिन्याचा एक ठरलेला दिवस नोंदणीकृत तंत्रज्ञाला बोलावून त्याचा प्रवासखर्च व मानधन द्यावयास काय हरकत आहे? त्या दिवशी नवे काहीच वाटू नये. पडवीतल्या खुर्च्या बाहेर काढून बाजाराच्या गाडीतून तेथे आणाव्यात, गावचा वेल्डर आणि चर्मकार यांना त्या तंत्रज्ञाशेजारी बसवावे, आणि कोणत्या खुर्चीची बैठक किती इंच कमी करावयाची ते त्याने खडूने खूण करून दाखवावे.