आरोग्यविषयक प्रश्नावल्या आणि उत्तरदात्याचा थकवा

पाहणीत उत्तर मिळाले नाही, तर ती उणीव लगेच दिसते. परंतु रकाना भरला गेला आणि त्यामागे विचार नव्हता, तर ते सहसा ध्यानात येत नाही. कंटाळलेली व्यक्ती उठून जातेच असे नाही. पुष्कळदा ती बसून राहते आणि ‘नाही’, ‘आठवत नाही’, ‘ठीक आहे’ असे सांगून मोकळी होते. यालाच सर्वेक्षण-थकवा म्हणतात.

हा थकवा दोन कारणांनी येतो. एक, प्रश्नावलीची लांबी. दुसरे, एकाच वस्तीत वारंवार होणाऱ्या पाहण्या. माहिती नेली जाते, पण निष्कर्ष सांगायला कोणी परत येत नाही, असा अनुभव आला की पुढच्या पाहणीवरचा विश्वास आधीच कमी झालेला असतो.

अमेरिकन संशोधक जॉन क्रॉसनिक यांनी १९९१ मध्ये हर्बर्ट सायमन यांच्या एका संकल्पनेच्या आधारे याची मीमांसा केली. प्रश्न अवघड असेल किंवा उत्तर देण्याची इच्छा उरली नसेल, तर माणूस नेमके उत्तर शोधत नाही. वेळ भागेल एवढे उत्तर देतो. मग सलग प्रश्नांना एकच पर्याय निवडला जातो किंवा विचारले त्याला होकार दिला जातो. ‘होय’ म्हटले की चार उपप्रश्न येतात हे कळल्यावर काही जण ‘नाही’ म्हणू लागतात. अशा वेळी आजाराचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसण्याचा धोका असतो.

थकवा प्रश्न विचारणाऱ्यालाही येतो. लोकसंख्या व आरोग्यविषयक मोठ्या पाहण्यांत लहान मुलांसंबंधीचे सविस्तर प्रश्न ठरावीक वर्षानंतर जन्मलेल्या मुलांपुरतेच विचारले जातात. ते टाळण्यासाठी मुलाचे जन्मवर्ष मागे ढकलून नोंदवल्याचे अनेक देशांच्या आकडेवारीत आढळले आहे.

आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ मध्ये सुरू झाली. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६ लाख ३६ हजारांहून अधिक कुटुंबे आणि ७ लाख २४ हजारांहून अधिक स्त्रिया यांची माहिती घेण्यात आली. तिच्या रचनेत एक उपाय दिसतो. कौटुंबिक हिंसा, एचआयव्ही यांसारख्या विषयांवरील प्रश्न सर्व घरांत न विचारता सुमारे १५ टक्के घरांतच विचारले गेले. राज्यपातळीवरील अंदाजासाठी तेवढे पुरते. उरलेल्या घरांवरचा भार वाचतो. दुसरा उपाय संक्षेपाचा. जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमानविषयक मूळ प्रश्नावली १०० प्रश्नांची आहे. तिचे संक्षिप्त रूप २६ प्रश्नांचे आहे.

भाषेचा भारही लहान नाही. ‘आपणांस श्वसनविषयक तक्रार उद्भवते काय?’ यापेक्षा ‘जिना चढताना दम लागतो का?’ हे चटकन समजते. घरी दखनी बोलणाऱ्या आजीबाईंना छापील मराठी किंवा कठीण उर्दू ऐकवली, तर पहिल्या पाच प्रश्नांतच त्या दमतात.

विद्यार्थ्यांना वस्तीत पाठवणाऱ्या अध्यापकांनी म्हणूनच प्रत्येक प्रश्नापुढे लिहावे : या उत्तराचे आपण काय करणार? ज्याचा उपयोग सांगता येत नाही, तो प्रश्न काढावा. महत्त्वाचे प्रश्न आधी घ्यावेत, किती वेळ लागेल ते खरे सांगावे, नकाराचा मान राखावा. निष्कर्ष त्याच वस्तीत, तिच्याच भाषेत परत न्यावेत. ज्या घराने आपल्या दुखण्याची माहिती दिली, त्या घराचे एवढे देणे अभ्यासकावर राहतेच.