विहिरीतून समुद्राकडे

पहाटे पावणेपाच

पालीच्या रस्त्याला लागून असलेल्या माळावर पोरं जमलेली असतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतो, कुणी अग्निवीरची. नौदलाच्या अग्निवीरला १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत पळावं लागतं, शिवाय उठाबशा आणि जोर. शिट्टी वाजते, धूळ उडते. दम लागलेला असतानाच एकजण विचारतो, "सर, डायरेक कमांडो होता येतं का?"

येत नाही. मरीन कमांडो, म्हणजे मार्कोस, हे दल १९८७ साली उभं राहिलं. आधी नौदलात जायचं, नौसैनिक किंवा अधिकारी म्हणून काम शिकायचं, मग स्वेच्छेनं नाव द्यायचं. निवडीच्या चाचण्यांत मोजकेच टिकतात. हे ऐकून चेहरे पडतात, पण खरं सांगितलंच पाहिजे. काळी वर्दी मिळण्याआधी खूप वर्षं साध्या वर्दीत काढावी लागतात.

सकाळी सात

शेजारच्या मळ्यात दगडी बांधणीची मोठी विहीर आहे. पावसाळ्यापासून पौषापर्यंत तिला पाणी असतं, तेवढ्यात पोहणं शिकवून घ्यावं लागतं. फाल्गुनात तळ दिसू लागतो. नवख्याच्या पाठीला प्लास्टिकचा डबा बांधतो. आमच्या लहानपणी पांगाऱ्याचं लाकूड असायचं. बीड जिल्ह्याला समुद्र नाही, आणि यातल्या बहुतेकांनी तो पाहिलेलाही नाही. म्हणून पाण्यात उतरण्याआधी मी त्यांना मोहन नारायणराव सामंतांची गोष्ट सांगतो.

सामंत नौदलाचे पाणबुडी अधिकारी. १९६९ साली रशियन बनावटीची 'करंज' ही पाणबुडी रीगा बंदरात नौदलात दाखल झाली, तिचे ते पहिले कप्तान. १९७१ मध्ये त्यांच्याकडे वेगळंच काम आलं. पूर्व पाकिस्तानातली बंदरं निकामी करायची होती आणि त्यासाठी माणसं उभी करायची होती ती निर्वासित छावण्यांतून. शेतकऱ्यांची मुलं आणि कॉलेजचे विद्यार्थी. त्यांच्या जोडीला फ्रान्समधल्या तुलाँ बंदरातून पाकिस्तानी पाणबुडी सोडून भारतात आलेले आठ बंगाली नौसैनिक होते. पश्चिम बंगालमध्ये प्लासीजवळ भागीरथीच्या काठी तंबू पडले. दिवसा पोहणं, रात्री पोहणं, अंगाला वजन बांधून प्रवाहाविरुद्ध पोहणं. काही महिन्यांत ४०० हून अधिक पोरं तयार झाली. ती नदीकाठची होती, पाणी त्यांच्या ओळखीचं होतं. आमच्या पोरांना ती ओळख करून घ्यावी लागते, एवढाच फरक.

सकाळी साडेअकरा

कनिष्ठ महाविद्यालयात बारावीचा भौतिकशास्त्राचा तास. नौदलाचं नाव काढलं की पोरं दंडाकडे बघतात, मी फळ्याकडे बघायला सांगतो. एनडीएतून नौदलात जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच. त्यामागे कारण आहे.

सामंतांच्या पोरांकडच्या, जहाजाच्या पोटाला चिकटवायच्या लिंपेट सुरुंगात पाण्यात विरघळणारी गुडदी असायची. ती विरघळली की स्फोट. पण पोहणाऱ्याला जहाजापर्यंत पोचायलाच वेळ लागायचा, आणि त्याआधीच ती विरघळली तर तोच जायचा. उपाय निघाला तो निरोधचा. गुडदीवर निरोध चढवायचा आणि सुरुंग जहाजाला लावल्यावर काढून टाकायचा. वर्गात पोरं लाजून हसतात, मग गप्प होतात, कारण या साध्या रबरानं किती जीव वाचले असतील ते त्यांना कळतं. १९७१ च्या १५ ऑगस्टच्या मध्यरात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत प्लासीची ती पोरं पाण्यात उतरली. निघण्याचा इशारा आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरच्या गाण्यांतून मिळाला होता. एका रात्रीत चारही बंदरांत जहाजं आणि बार्ज फुटले.

दुपारी दोन

स्टाफरूमच्या दारात एक आई उभी असते. दसऱ्यानंतर नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जाणार, मुकादमाकडून उचल घेतलेली आहे. "सर, पोरगं पाण्यात घालायलात तुम्ही. एकच हाय बगा." मी त्यांना आधी बसायला सांगतो. विहिरीवर दोर कोण धरतं, पट्टीचे पोहणारे कितीजण काठावर थांबतात, हे सगळं सांगतो. पुढच्या नोकरीत धोका आहे, तोही लपवत नाही. कोयता पोराच्या हातात जाऊ नये हे आम्हा दोघांनाही वाटतं, पण त्यासाठी त्यांना खोटं सांगून चालणार नाही.

संध्याकाळी साडेपाच

पुन्हा माळ. पळून झाल्यावर गोल करून बसतो. विषय असतो १० डिसेंबर १९७१. सामंत आता स्वतः नदीत होते. 'पनवेल', 'पद्मा' आणि 'पलाश' या बोटी घेऊन ते सुंदरबनातून मोंगलाला पोचले आणि तिथून खुलन्याकडे निघाले. ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळी खूण होती, तरी दुपारच्या सुमारास आपल्याच हवाई दलाच्या विमानांनी त्यांना शत्रू समजून हल्ला केला. 'पद्मा' आणि 'पलाश' बुडाल्या. 'पलाश'चे बंगाली इंजिन आर्टिफिसर रुहुल अमीन त्या दिवशी गेले. बांगलादेशानं त्यांना बीरश्रेष्ठ हा सर्वोच्च सन्मान दिला. लीडिंग सीमन चिमणसिंग जखमी असूनही पाण्यातल्या साथीदारांना किनाऱ्याकडे नेत होते. 'पनवेल'नं गोळीबारात माणसं उचलली. सामंत, त्यांच्या सोबतचे नौदल अधिकारी नोरोन्हा आणि रॉयचौधरी, आणि चिमणसिंग या चौघांनाही महावीरचक्र मिळालं.

पोरं विचारतात, एवढं घडल्यावर साहेबांनी काय केलं? मी सांगतो, माणसं वाचवली आणि काम पुढं नेलं. अधिकाऱ्याची परीक्षा योजना बिघडल्यावर होते.

रात्री साडेआठ

वाचनालयात अभ्यास. दहावीतल्या दोघांचा अर्ज भरायचा आहे, छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेसाठी. राज्य सरकार १९७७ पासून ही संस्था चालवतं. दहावीनंतर निवड, दोन वर्षं तयारी, मग एनडीएची परीक्षा. बीडहून एसटीनं काही तासांचं अंतर, पण आमच्या कितीतरी घरांत तिचं नावही पोचलेलं नाही. ते पोचवणं हे माझं काम आहे असं मी मानतो.

दिवे मालवण्याआधी एक गोष्ट आवर्जून सांगतो. सामंतांच्या या कामावरचं सविस्तर पुस्तक २०१९ मध्ये आलं, ते वारले त्याच वर्षी. जवळपास अर्धं शतक लोकांना या कामाची फारशी माहिती नव्हती, तरी काम झालं होतं. विशेष मोहिमांचा अधिकारी व्हायचं तर ही तयारी ठेवा: माणसं घडवायची, बारीकसारीक गोष्टीत चूक होऊ द्यायची नाही, आणि कौतुकाची वाट बघायची नाही. यातलं काहीच शिकायला समुद्रकाठी जन्मावं लागत नाही. उद्या पावणेपाचला या.