नोंद सापडते कशी? संगणकातील शोध आणि गाळणी



ऊस नोंदीची वही संगणकावर गेली की काम संपले, असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण नोंद लिहिणे सोपे. हजारो नोंदींतून नेमकी आपली काढणे, हे खरे काम. नोंद वेळेवर सापडली नाही तर तोडीची पाळी हुकते, आणि तयार ऊस फडात उभा राहिला की वजन व उतारा दोन्ही घटतात. म्हणून हा शोध चालतो कसा, ते समजून घ्यावे.

अशा कामासाठी रुबी नावाची एक संगणकभाषा आहे. जपानचे युकिहिरो मात्सुमोतो यांनी ती १९९५ साली सर्वांसाठी खुली केली. तिच्यावर उभा असलेला रेल्स हा सांगाडा डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ साली दिला.

समजा, आपली ऊस नोंद रेल्सवर ठेवली आहे. त्यात दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. गाळणी म्हणजे ठरलेल्या पर्यायांतून निवड : गट कोणता, जात कोणती, आडसाली की खोडवा. शोध म्हणजे नावाचा तुकडा टाकून जुळेल ते काढणे.

रेल्समध्ये आधी सगळ्या नोंदी धरायच्या आणि भरलेली एकेक अट 'व्हेअर' या शब्दाने जोडत जायची. जातीचा रकाना रिकामा असेल तर ती अट सोडून द्यायची. अटी जोडताना रेल्स वही उघडतच नाही. यादी दाखवायची वेळ आली, की सगळ्या अटींची मिळून एकच मागणी डेटाबेसकडे जाते. म्हणून 'को-८६०३२ चा खोडवा, लागण तारखेच्या क्रमाने' अशी यादी एका फेरीत हाती येते.

वेगासाठी इंडेक्स, म्हणजे अनुक्रमणिका, लागते. सभासद नंबर पुरा दिला तर तिच्यावरून नोंद झटक्यात निघते. पण नावाच्या मधलाच तुकडा दिला, तर साध्या अनुक्रमणिकेचा उपयोग नाही. सगळी वही चाळावी लागते.

आता सावधगिरीचे दोन मुद्दे. पहिला : रकान्यात टाइप केलेला मजकूर डेटाबेसच्या हुकमात जसाच्या तसा चिकटवू नये. कोणी वाईट हेतूने तिथे हुकूमच लिहिला, तर सगळी वही उघडी पडेल. म्हणून हुकमात प्रश्नचिन्ह ठेवून मजकूर वेगळा द्यावा. मग तो फक्त मजकूरच राहतो. दुसरा : शोधाची सुरुवात सगळ्यांच्या नोंदींपासून करू नये, ज्याला जेवढे पाहण्याचा अधिकार, तेवढ्यापासूनच करावी. रॅन्सॅक या तयार साधनानेही २०२३ मधील चौथ्या आवृत्तीपासून, कोणत्या रकान्यांवर शोध चालेल ते आधी लिहून देणे सक्तीचे केले.

शेवटी आपल्या हातातले. संगणकाला 'पाटील' आणि 'पाटिल' ही दोन वेगळी नावे वाटतात. 'नोंद नाही' असे उत्तर आले म्हणून माघारी फिरू नका. सभासद नंबर सांगून पुन्हा पाहायला लावा, एखादी जास्तीची अट राहिली आहे का तेही विचारा. आणि नोंद देतानाच नाव, गट नंबर व लागण तारीख स्वतः वाचून घ्या. वहीत चूक गेली, तर उत्तम शोधही ती चूकच शोधून देईल.