लाकडी पिंपातील बाग

आमच्या शाळेच्या आवारात, मुलांच्या हात धुण्याच्या नळांजवळ, चार अर्धी पिंपे ओळीने मांडलेली आहेत. संमेलनास आलेल्या पालकांपैकी पुष्कळांनी ती पाहिली, आणि ही कोठून आणिली, त्यांत काय काय येते, घरी असे करता येईल काय, अशी पृच्छा केली. प्रत्येकास निरनिराळे उत्तर देण्यापेक्षा सर्व हकीकत एकवार लिहून काढावी, ह्या हेतूने आम्ही हा लेख वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम पिंपाविषयी दोन शब्द. 'पिंप' हा शब्द मूळचा आपला नव्हे. पोर्तुगीज लोक दारू व तेल ज्या लाकडी भांड्यात भरून गलबतांवरून आणीत, त्यास ते 'पिपा' म्हणत. त्याचे मराठीत पिंप झाले. बादली आणि घमेले हे शब्दही त्याच लोकांकडून आपल्याकडे आले असे सांगतात, म्हणजे आमच्या बागेतील तीन मुख्य उपकरणे भाषेच्या दृष्टीने समुद्रापलीकडची ठरतात. पिंपाची कला मात्र पोर्तुगीजांहून पुष्कळ जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेलेल्या प्लिनी नामक रोमन ग्रंथकाराने, आल्प्स पर्वताकडील लोक कड्यांनी बांधलेल्या लाकडी भांड्यांत द्राक्षारस साठवितात, असे लिहून ठेविले आहे.

ह्या भांड्याची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. पिंपाची प्रत्येक फळी मध्यभागी रुंद व दोन्ही टोकांस अरुंद अशी तासलेली असते. सर्व फळ्या गोलाकार उभ्या करून, विस्तवाच्या धगीने मऊ करून वाकवितात व त्यांवर लोखंडी कड्या ठोकून बसवितात. फळीस फळी जोडण्याकरिता खिळा नाही, सरस नाही. आत ओल असली म्हणजे लाकूड फुगते, फळ्या एकमेकींवर दाबल्या जातात, बाहेरून कडी त्यांस आवळून धरते आणि त्या दाबामुळेच पाण्याचा थेंबही बाहेर येत नाही. उलटपक्षी लाकूड वाळले की ते आकसते, कडी सैल पडते आणि फळ्या विलग होतात. ही गोष्ट आम्ही पुस्तकात वाचली होती. परंतु ती खऱ्या अर्थाने समजली ती आमच्याच निष्काळजीपणामुळे.

नाशिक जिल्ह्यात द्राक्षांच्या मद्याचे कारखाने आहेत. तेथे ओक लाकडाची पिंपे काही वर्षे वापरून काढून टाकितात. तिकडे नोकरीस असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने अशी दोन रिकामी पिंपे मालमोटारीतून शाळेस पाठविली. (पिंपात पूर्वी जे होते त्याच्याशी शाळेचा काही संबंध नाही, हे पालकांनी कृपा करून ध्यानी घ्यावे!) वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असल्यामुळे ती कापण्यास सवड झाली नाही. एक पिंप आम्ही मैदानाच्या कोपऱ्यात उन्हात ठेविले आणि दुसरे, जागा नव्हती म्हणून, गळक्या नळाखाली ठेवून दिले. मग सुट्टी लागली. धाराशिवचा मे महिना कसा असतो हे येथील वाचकांस सांगणे नलगे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुलांनी कोपऱ्यातील पिंपास हात लावताच कड्या खणखणत खाली आल्या व सर्व फळ्या जमिनीवर पसरल्या. नळाखालचे पिंप मात्र जसेच्या तसे, घट्ट उभे होते. गळका नळ ही काही शाळेला भूषणावह गोष्ट नव्हे. तथापि त्या वर्षी त्याने आम्हांस जो धडा दिला, तो आम्ही विसरलो नाही.

फळ्या सरपणात जाणार, तोच एका विद्यार्थ्याचे आजोबा नातवास न्यावयास आले. त्यांचा जन्म बैलगाड्यांची चाके करण्यात गेलेला. त्यांनी एक फळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "गुरुजी, हे मोडलेलं नाही, वाळलंय. गाडीच्या चाकाचं उन्हाळ्यात असंच होतं." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. चाकावरील लोखंडी धाव तापवून चढवितात. निवताना ती आकसून लाकडास आवळते. परंतु कडक उन्हाळ्यात लाकूडच आकसले म्हणजे धाव सैल होते. म्हणून जुने शेतकरी गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करीत किंवा चाके रात्रभर डोहात टाकीत. पिंपाची कडी आणि चाकाची धाव ही एकाच तत्त्वाची दोन रूपे होत. आजोबांनी एक कडी जमिनीवर ठेवून तिच्यात फळ्या अनुक्रमाने उभ्या केल्या, वरून दुसरी कडी ठोकली आणि आत पाणी ओतावयास सांगितले. पहिल्या दिवशी प्रत्येक फटीतून पाणी वाहिले, दुसऱ्या दिवशी ते ठिबकू लागले आणि तिसऱ्या दिवशी थांबले. मुलांना पदार्थविज्ञानाचा असा पाठ आम्हांस फळ्यावर शिकविता आला नसता.

आता कोणी म्हणेल की, मग लोखंडी किंवा प्लास्टिकचे पिंपच का घेऊ नये? अवश्य घ्यावे, ते आपल्या बाजारात सहज मिळते आणि लाकडी पिंप दुर्मीळ व महाग असते. परंतु दोहोंतील भेद समजून घ्यावा. लोखंड उष्णतेचे सुवाहक आहे. मे महिन्याच्या दुपारी त्याच्या कडेची माती इतकी तापते की कोवळी मुळे करपून जातात. लाकूड दुर्वाहक असल्यामुळे आतील माती थंड राहते. तेव्हा लोखंडी पिंपास बाहेरून ओले गोणपाट गुंडाळावे अथवा पश्चिमेकडून झाडाची किंवा भिंतीची सावली द्यावी. प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते, त्यासही सावलीच मानवते. मात्र पिंप कोणतेही असो, ज्यात कीटकनाशक, रंग किंवा रसायन भरलेले होते, ते खाण्याच्या भाजीसाठी कदापि वापरू नये. कितीही धुतले तरी नाही.

लाकडी पिंपाचे दोन भाग करण्याची रीत अशी. कापण्यापूर्वी प्रत्येक कडी प्रत्येक फळीस लहानशा स्क्रूने पक्की करावी. हे न केल्यास करवत फिरताच फळ्या सुटतात. नंतर पोटाच्या बरोबर मध्यावर खडूने रेघ काढून कापावे. तळाशी बोटाएवढी सहा-सात भोके पाडावीत व त्यांवर खापऱ्या पालथ्या ठेवाव्यात. तळाशी दगडगोट्यांचा जाड थर घालण्याची चाल आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही, मुळांची जागा मात्र कमी होते. पिंप विटांवर ठेवावे, म्हणजे पाणी मोकळे वाहते आणि वाळवी लागण्याचे भय कमी होते. बाहेरून जवसाचे कच्चे तेल चोळावे. डांबर लावू नये, कारण त्यातील विषारी द्रव्ये मातीत उतरतात. आपली काळी माती एकटीच भरू नये. शेतात ती सोन्यासारखी असली तरी भांड्यात ओली असता चिखल होते आणि वाळली असता भेगा पडून कडेपासून सुटते. एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत आणि एक भाग वाळू किंवा बारीक केलेले उसाचे पाचट, असे मिश्रण आम्हांस चांगले मानवले.

ह्याप्रमाणे तयार झालेल्या पिंपांचा उपयोग अनेक प्रकारे करता येतो. पहिला प्रकार अर्थातच अर्ध्या पिंपाचा. पावसाळ्यात भेंडी व गवार, हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, वांगी, टोमॅटो. आणि ज्यांस एकच झाड कायमचे हवे असेल त्यांनी कढीपत्ता किंवा कागदी लिंबू लावावे. दुसरा प्रकार उभ्या अखंड पिंपाचा. वरचे झाकण काढून, बाजूस वीतभर अंतराने आडव्यातिडव्या ओळींत दोन-दोन इंचांची भोके पाडावीत व त्यांतून पुदिना, कोथिंबीर, झेंडू बाहेर डोकावू द्यावेत. पाणी तळापर्यंत पोहोचावे म्हणून मध्यभागी भोके पाडलेली नळी उभी करावी. अंगण लहान असलेल्या घरास हा प्रकार विशेष सोयीचा. तिसरा प्रकार आडव्या पिंपाचा. त्याच्या वरच्या अंगास लांबट तोंड कापून, खाली दोन्ही बाजूंस दगडांची उटी दिली म्हणजे पाळण्यासारखी दिसणारी फुलांची वाफ तयार होते. चौथा प्रकार भोके न पाडलेल्या अर्ध्या पिंपाचा. त्यात पाणी भरून कुमुदिनी लावावी व डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत. पाखरेही तेथे पाणी पिण्यास येतात. परंतु टंचाईच्या वर्षी हा चौथा प्रकार करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ह्यावरून आम्ही मुख्य प्रश्नाकडे येतो, आणि तो पाण्याचा आहे. 1972 चा दुष्काळ आजोबा-आजींनी पाहिला आहे. 2012-13 आणि 2015-16 ची टंचाई पालकांनी सोसली आहे. 2016 च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात पिण्याच्या पाण्यावर बाग पोसणे आम्हांस शोभणार नाही. तेव्हा मुलांकडून आम्ही एक हिशोब करविला, तो येथे देतो. अर्ध्या पिंपाच्या तोंडाचा आतील व्यास सुमारे 65 सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ एक चौरस मीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. पाऊस ठोकळमानाने 700 मिलिमीटर धरला, तर वर्षभरात त्यात आकाशातून सव्वादोनशे-अडीचशे लिटर पाणी पडेल, आणि तेही बहुतेक चार महिन्यांत. उरलेल्या आठ महिन्यांत, हिवाळ्यात रोज दीड लिटर व उन्हाळ्यात तीन लिटर धरल्यास, सुमारे पाचशे लिटर आपणांस घालावे लागतील. आता दुसरी बाजू पाहू. एका वर्गातील साठ मुले मधल्या सुट्टीत डबा विसळताना प्रत्येकी अर्धा लिटर पाणी सांडतात. ते झाले तीस लिटर. म्हणजे एका वर्गाच्या केवळ विसळणाच्या पाण्यावर भर उन्हाळ्यात दहा अर्धी पिंपे हिरवी राहू शकतात!

घरीही हेच करावे. आपल्या परसात मोरीच्या तोंडाशी अळू, केळ व कर्दळ लावण्याची रीत पूर्वापार आहे. ती ह्याच शहाणपणाची. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी पिंपास निःशंक घालावे. कपडे धुण्याच्या सोड्याचे व साबणाचे पाणी मात्र घालू नये, कारण त्यातील क्षारांनी माती कडक होते. मातीवर पाचटाचे किंवा वाळलेल्या पानांचे चार बोटे आच्छादन ठेवावे आणि मध्यभागी एक कच्च्या घडणीचे सच्छिद्र गाडगे गळ्यापर्यंत पुरून ते पाण्याने भरावे. ते हळूहळू पाझरते; त्यामुळे मुळांस ओल मिळते आणि पिंपाच्या फळ्याही वाळत नाहीत.

एक गंभीर सूचना पालकांसाठी. ओल्या मातीने भरलेले अर्धे पिंप दीडशे किलोच्याही वर भरते. जुन्या माळवदाच्या घरावर ते मुळीच चढवू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपात उमरगा व लोहारा तालुक्यांतील घरांच्या दगडी भिंती व जड मातीची छते कशी कोसळली, हे ह्या जिल्ह्यास कोणी सांगावयास नको. सिमेंटच्या गच्चीवरही जाणत्या अभियंत्यास विचारून, भिंतीच्या किंवा तुळईच्या वरच ठेवावे. आणि जागा ठरवूनच माती भरावी, कारण भरलेले पिंप मग हलत नाही.

भांड्यातील बाग ही केवळ हौस आहे, असे मात्र कोणी समजू नये. कोल्हापूरचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या द्वारे, थोड्या जागेत व थोड्या पाण्यात घरचा पालापाचोळा वापरून पीक कसे काढावे, हे महाराष्ट्रभर शिकविले. त्याच विचारातून मुंबईच्या बंदर संस्थेच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर, स्वयंपाकघरातील टाकाऊ पदार्थांचे खत करून, प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास भाज्यांची व फळझाडांची बाग उभी केली. मुंबईसारख्या शहरात गच्चीवर जे साधले, ते आमच्या अंगणात न साधण्याचे कारण नाही.

शेवटी आमच्या विद्यार्थ्यांस एक सांगणे. पिंप रिकामे व कोरडे राहिले तर एका उन्हाळ्यात त्याच्या फळ्या होतात, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्या वर्षी पिंप उन्हाने मोडले असे आम्ही म्हणत असू. खरे पाहता सुट्टीत पाणी कोणी घालावे हे आम्ही कोणासच नेमून दिले नव्हते, म्हणून ते मोडले. ह्यापुढे तसे होऊ नये म्हणून, शाळेच्या जवळपास राहणाऱ्या मुलांची आठवड्याची पाळी लावून तिची यादी सुट्टीपूर्वी कार्यालयाच्या दारावर लावण्यात येईल. ज्याचे नाव तीत असेल, त्याने घरून विसळणाची एक बादली आणावी, गाडगी भरावीत, कड्या सैल झाल्या आहेत काय हे हाताने चाचपून पाहावे आणि यादीवर सही करून पुढच्या मुलास आठवण द्यावी. एवढे झाले तर जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा चारही पिंपे उभी असतील, आणि पहिल्या पावसाबरोबर त्यांत भेंडीचे बी टाकता येईल.